धबधब्यामागची पोकळी

प्रश्न : ताई, घरामागे छोटं तळं आहे आणि त्याला तीन टप्प्यांचा धबधबा. मातीचा उंचवटा करून त्यावर रबरी शीट अंथरली आहे, वर दगड रचलेत. गेले काही आठवडे तळ्यातलं पाणी झपाट्यानं उतरतंय. उंचवट्याच्या मागे मूठ जाईल एवढं बीळ दिसलं, खाली उकरलेल्या मातीचा ढीग आहे आणि मधल्या टप्प्याचा एक दगड खचलाय. घरात दोन मतं आहेत : बिळात सिमेंट ओतावं, नाहीतर उंदराचं औषध ठेवावं. तळ्यात मासे आहेत, बेडूकही येतात. काय करू?

उत्तर : दोन्ही नको. औषध तर मुळीच नको. उंदरांची बरीचशी औषधं रक्त गोठू देत नाहीत आणि त्यांचा परिणाम व्हायला काही दिवस लागतात. मधल्या काळात सुस्तावलेला उंदीर मांजराच्या, घुबडाच्या नाहीतर सापाच्या तोंडी लागला की विष त्यांच्याही पोटात जातं. जोराचा पाऊस आला तर औषधाची वडी वाहत थेट तुमच्या तळ्यात. सिमेंटचं म्हणाल, तर आत पिल्लं असू शकतात. आणि बाहेरची वाट बुजली की आत अडकलेला प्राणी दुसरीकडून वाट काढायला बघतो. तिकडे तुमची शीट असते.

धबधबा दुरुस्त करायला बोलावतात तेव्हा मी आधी त्याच्या पाठीमागे जाते, कारण दुखणं बहुतेक वेळा तिथेच असतं. माती नीट न ठोकता उंचवटा केला की ती हळूहळू बसते, शीट आणि माती यांच्यामध्ये फट पडते. दगडांच्या मागेही रिकाम्या जागा राहिलेल्या असतात. आता उंदीर-घुशीच्या बाजूनं बघा : जागा कोरडी आहे, वर दगडाचं छप्पर, पाणी हाकेच्या अंतरावर, सांदीसपाटीत गोगलगायी आणि किडे, शिवाय काठावर सांडलेलं माशांचं खाणं. ही पोकळी तशीच ठेवून नुसतं भोक बुजवलंत, तर शेजारी दुसरं पडेल. म्हणून आधी पोकळी, मग भोक.

त्याआधी पाणी नक्की कुठून जातंय ते बघा. संध्याकाळी पंप बंद करा, तळ्याच्या पातळीवर खडूनं खूण करा आणि 24 तास थांबा. उन्हानं किती पाणी उडालं ते कळावं म्हणून काठावर पाण्यानं भरलेली बादली ठेवा, तिच्यावरही खूण करा. दोन्हीकडे उतार सारखाच असेल तर तळं धड आहे, गळती धबधब्यात किंवा त्याच्या पाइपात आहे. पंप बंद असतानाही तळ्याचं पाणी बादलीपेक्षा जास्त उतरलं आणि एका पातळीला येऊन थांबलं, तर भोक तळ्याच्या शीटला, त्याच पातळीच्या आसपास. जिथे शंका येते तिथे पाणी निवांत असताना खाण्याच्या रंगाचे दोन थेंब सोडा. गळती असेल तर रंगाची रेघ तिकडे ओढली जाते. या सगळ्यात मासे उघडे पडणार नाहीत एवढं पाणी मात्र तळ्यात राहू द्या.

बीळ नांदतं आहे का, हेही तपासायला हवं. तोंडाशी वाळलेला पाला सैलसर खुपसून ठेवा. दोन-तीन रात्री तो जागचा हलला नाही तर बीळ रिकामं समजा. हलला तर दिवसाउजेडी वरचे दगड एकेक करून काढा आणि जागा उघडी टाका. छप्पर गेलं, उजेड आला की प्राणी तिथे राहत नाही. पिल्लं दिसली तर काही दिवस काम थांबवा, आई बहुधा त्यांना उचलून दुसरीकडे नेते. दगडाखाली हात घालू नका, आधी काठीनं चाचपा. उंदराच्या बिळात साप असणं नवलाचं नाही. जाड रबरी हातमोजे आणि गमबूट घाला, हातापायाला जखम असेल तर ती झाकून घ्या. उंदीर-घुशींच्या मुतानं दूषित झालेल्या ओल्या मातीतून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो.

पाण्यात हात घालण्याआधी पंपाचा प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. आणि वायर हातभर अंतरानं बोटांत धरून तपासत जा. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत असतात, ते झिजवायला त्याला सतत काहीतरी कुरतडावंच लागतं आणि वायरीचं वेष्टण त्याला सोपं पडतं. कुठे तांबं उघडं दिसलं तर तिथे चिकटपट्टी गुंडाळू नका, वायर बदला आणि पुढे ती जाड पाइपातून न्या. तळ्याच्या जोडणीवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की लगेच वीज तोडणारा स्विच, नसेल, तर इलेक्ट्रिशियनला बोलावून तो आधी बसवून घ्या.

दगड निघाले की शीट धुऊन पुसून उजेडात धरा. भोकाची कड नीट पाहिली की कुणाचं काम ते कळतं. कुरतडलेली कड दातेरी असते, तिच्यावर शेजारी शेजारी दोन बारीक चर दिसतात, दातांच्या जोडीचे. नखानं फाटलं असेल तर लांबट चीर पडते आणि एखादा तिकोनी तुकडा लोंबत राहतो. तिसरा प्रकार अगदी बारीक छिद्राचा, भोवती रबर घासून पांढुरकं झालेलं. तो दगडाच्या टोकाचा उद्योग, त्यात प्राण्याचा दोष नाही. तुमच्याकडे दगड खचलाय, तेव्हा हे तिसरं छिद्रही जरूर शोधा.

ठिगळ लावण्यापूर्वी पोकळी भरा. उकरलेली मातीच परत ढकलू नका. मुरमात बारीक, टोकदार खडी मिसळून ती साधारण 10 सेंटिमीटरच्या थरांनी घाला, प्रत्येक थर ओलसर करून धुमसानं ठोका. खडीत बोगदा टिकत नाही, उकरलं की वरची खडी घसरून खाली येते, घूस कंटाळते. भरावावर शीटखाली घालायचं जाड कापड अंथरल्याशिवाय शीट टेकवू नका, नाहीतर तीच खडी तिला टोचेल.

ईपीडीएम रबराची (तळ्यासाठी वापरतात त्या लवचीक कृत्रिम रबराची) शीट असेल तर ठिगळही त्याच रबराचं घ्या. पीव्हीसीचा डिंक रबराला धरत नाही. भोकाच्या चारी बाजूंना 10 सेंटिमीटर तरी जास्त येईल एवढं कापा आणि कोपरे गोल करा, टोकदार कोपरा आधी उचलला जातो. शेवाळाचा बुळबुळीतपणा पूर्ण जायला हवा, जागा कोरडीठाक हवी. त्यावर प्रायमर, मग दोन्ही बाजूंनी चिकटणारी रबरी पट्टी, मग ठिगळ. मधून कडेकडे रोलर दाबत न्या, आत हवेचा बुडबुडा राहता कामा नये. डब्यावर लिहिलाय तेवढा वेळ जाईपर्यंत पाणी सोडू नका.

आता जाळी. झिंकचा मुलामा दिलेली, सांधे वेल्ड केलेली तारेची जाळी घ्या. प्लॅस्टिकची कुरतडली जाते. मोठ्या उंदरांना आणि घुशींना जाळीचं 12 मिलिमीटरचं घर (भोक) अडवतं, लहान उंदीर असतील तर 6 मिलिमीटरचं लागेल. उंचवट्याच्या मागे आणि दोन्ही अंगांना जाळी 30 सेंटिमीटर खोल पुरा आणि तळाशी काटकोनात बाहेरच्या बाजूला आणखी 30 सेंटिमीटर वळवा. प्राणी भिंतीला लागून सरळ खाली उकरत येतो, पायाखाली आडवी जाळी लागली की अडतो. मागे सरून लांबून उकरायला सुरुवात करणं त्याला सहसा सुचत नाही. कापलेल्या तारांची टोकं शीटपासून उलट दुमडा. जाळी मातीच्याच बाजूला राहू द्या, पाण्याला लागू नये. झिंक पाण्यात उतरलं तर माशांना बाधतं.

शेवटी दगड परत रचताना शीटची कड सगळीकडे पाण्याच्या वर आहे ना, ते बघा. गवंड्यांकडे असते तशी पाणी भरलेली पारदर्शक नळी दोन्ही काठांना धरा, म्हणजे बोटभर फरकही लपत नाही. खचलेल्या टप्प्याशी कड खाली बसून पाणी बाहेर ओघळत असेल, तर कितीही ठिगळं लावलीत तरी तळं रिकामंच होणार.

प्रश्न : आमच्या धबधब्याच्या काठाचे दगड सकाळी पाण्यात पडलेले असतात, कुंड्या उलटलेल्या आणि मासेही कमी होत चाललेत. जाळं टाकावं का?

उत्तर : दगड आणि मासे हे दोन वेगळे प्रश्न असू शकतात. दगड पाडणारा प्राणी वजनाचा असतो, कुत्रा, माकड किंवा तसलाच कुणी. बगळा दगड हलवत नाही, पहाटे येऊन उथळ पाण्यात उभा राहतो आणि मासे टिपतो. चिखलातले ठसे बघा. तेही दिसले नाहीत तर रात्री काठावर ओली बारीक वाळू पसरून ठेवा.

दगडांसाठी सोपी कसोटी म्हणजे प्रत्येकावर पाय ठेवून भार द्या. जो डुगडुगतो तो उतरवा. मोठे, चपटे दगड वापरा आणि प्रत्येकाचा निम्म्याहून जास्त भाग मागच्या दगडाखाली दाबला जाईल असे रचा. तळ्यासाठी मिळणारा काळा फोम दगड धरून ठेवतो आणि पाणी दगडांच्या मागे न जाता वरून वाहतं, पण शीटच्या भोकावर तो उपाय नाही. उंदीर त्यालाही सोडत नाहीत.

माशांसाठी तळ्याचा काही भाग 60 सेंटिमीटरहून खोल आणि कडा उभ्या हव्यात, तळाशी रुंद पाइपाचे तुकडे लपायला टाका. जाळं लावणार असाल तर चौकटीवर ताठ ताणा. सैल, बारीक धाग्याच्या जाळ्यात पक्षी आणि साप अडकून मरतात, ते मला मान्य नाही. हालचाल झाली की पाण्याचा फवारा मारणारं यंत्रही चालतं, फक्त त्याची जागा अधूनमधून बदला. आणि मासे पाच मिनिटांत संपवतील एवढंच खाणं टाका.

प्रश्न : फटी सिमेंटनं भरल्या. पंप कधी सुरू करू?

उत्तर : सिमेंट रबरी शीटला चिकटत नाही, त्यामुळे त्यानं दगड पक्के होतील, गळती थांबणार नाही. ताज्या सिमेंटमधला चुना पाण्यात उतरतो, पाणी जहाल अल्कधर्मी होतं आणि माशांचे कल्ले भाजून निघतात. सात दिवस ते ओलं ठेवून पिकू द्या. मग तळ्याशी संबंध न येता धबधब्यावरून स्वच्छ पाणी फिरवा, एका टपात गोळा करून फेकून द्या, असं पुन्हा पुन्हा करा. नंतरचं पाणी धबधब्यात 24 तास साठवून पीएचच्या पट्टीनं तपासा. आकडा साडेआठच्या खाली आला आणि दुसऱ्या दिवशीही तिथेच राहिला की पंप तळ्याला जोडा.