‘दोष काढू नका’ असं येशूने सांगितलेलं असताना अमेरिकेतले ख्रिस्ती नेते सतत दुसऱ्यांवरच बोट का रोखतात?

हे वचन ज्यात आहे त्या येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाचा दाखला देऊन तुम्ही विचारलंय की ते रोज वाचणारी माणसं टीव्हीवर आणि निवडणुकीत इतरांच्या पापांचे पाढे कसे काय वाचू शकतात. मी मराठी प्रॉटेस्टंट मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वाढलो, आजही दर रविवारी उपासनेला जातो. त्यामुळे हा प्रश्न मला जिव्हारी लागतो.

माझ्या मते घोटाळा दिशेचा आहे. बायबलमधल्या प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पाचवा अध्याय काढा. मंडळीतल्या एकाने बापाच्या बायकोशी संबंध ठेवलेत आणि बाकीचे गप्प आहेत. पौल खडसावतो, त्याला बाहेर काढा. आणि त्याच दमात म्हणतो, बाहेरच्यांचा न्याय करायचं मला काय काम? तो देव करील, तुम्ही आतल्यांचा करा. अमेरिकेच्या सार्वजनिक जीवनात गेली चाळीसेक वर्षं मी याच्या बरोबर उलट पाहतोय. बाहेरच्यांवर आसूड आणि आतल्यांवर पांघरूण.

जिमी स्वॅगर्ट हे टीव्हीवरचे बडे प्रवचनकार होते, लुइझियाना राज्यातल्या बॅटन रूजचे. त्यांनी १९८६ मध्ये न्यू ऑर्लिन्सचे पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, मार्व्हिन गोर्मन यांच्यावर व्यभिचाराचा आरोप केला आणि गोर्मन यांचं पद गेलं. १९८७ मध्ये जिम बेकर या दुसऱ्या टीव्ही प्रवचनकाराचं एका बाईबरोबरचं लफडं बाहेर आलं, तेव्हा स्वॅगर्टनी त्यांना ख्रिस्ताच्या शरीराला झालेला कर्करोग म्हटलं. त्याच वर्षी गोर्मननी पाळत ठेवून एका मोटेलपाशी वेश्येबरोबर असलेल्या स्वॅगर्टचे फोटो मिळवले आणि पुढच्या वर्षी ते स्वॅगर्ट यांच्या संप्रदायाच्या वरिष्ठांपुढे ठेवले. २१ फेब्रुवारी १९८८ ला हजारोंच्या सभेत, कॅमेऱ्यासमोर ढसाढसा रडत स्वॅगर्टनी पापाची कबुली दिली. तो रडका चेहरा सगळ्यांच्या लक्षात आहे. पुढचं कमी लोकांना माहीत असतं. संप्रदायाने एक वर्ष प्रवचन बंद ठेवायला सांगितलं, ते त्यांनी मानलं नाही, म्हणून एप्रिलमध्ये त्यांची पाळकाची दीक्षाच काढून घेतली गेली. १९९१ मध्ये कॅलिफोर्नियात ते पुन्हा वेश्येबरोबर सापडले. या खेपेला त्यांनी आपल्या मंडळीला सांगितलं की, देव म्हणतोय, यात तुमचा काही संबंध नाही.

बेकर यांच्या प्रकरणात तर लोकांना फक्त बाई आठवते. मला त्यातले हजार डॉलर जास्त महत्त्वाचे वाटतात. हजार डॉलर द्या आणि हेरिटेज यूएसए या आमच्या ख्रिस्ती विहारस्थळाच्या हॉटेलात आयुष्यभर दर वर्षी तीन रात्री राहा, असं सांगून त्यांनी भाविकांकडून पैसे घेतले. खोल्या पुरणं शक्यच नव्हतं इतक्या लोकांकडून घेतले. १९८९ मध्ये २४ आरोपांवर दोषी ठरून त्यांना ४५ वर्षांची शिक्षा झाली. ती अपिलात पुष्कळ कमी झाली आणि १९९४ मध्ये ते सुटले. मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात येशू परूशांना, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुद्यांना, म्हणतो की तुम्ही पुदिना, शेप आणि जिऱ्याचाही दशांश मोजून देता, पण न्याय आणि दया सोडून देता. गरीब भाविकाला लुबाडणं हे त्याच यादीतलं पाप आहे, पण त्यावर कुणी मोर्चा काढत नाही.

ही एकेकट्या माणसांची गोष्ट झाली. संस्थेचं वागणं मला याहून भयंकर वाटतं. सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन हा अमेरिकेतला सगळ्यात मोठा प्रॉटेस्टंट संप्रदाय, २०२४ मध्ये सव्वा कोटींच्या वर सभासद. समलिंगींना मोकळीक देते म्हणून त्यांनी १९९७ ते २००५ डिस्नीवर बहिष्कार घातला. त्याआधी १९९२ मध्ये याच विषयावरून नॉर्थ कॅरोलायनातल्या दोन मंडळ्या काढून टाकल्या. पण मुलांवर अत्याचार करणाऱ्या पाळकांची यादी ठेवा, म्हणजे ते एका गावातून दुसऱ्या गावात जाऊन पुन्हा तेच करणार नाहीत, अशी मागणी आली तेव्हा २००८ मध्ये उत्तर मिळालं की प्रत्येक मंडळी स्वायत्त आहे, आम्हाला तसं करता येत नाही. २०२२ च्या चौकशी अहवालातून कळलं की कार्यकारी समितीच्या कार्यालयात अशी यादी वर्षानुवर्षं ठेवलेली होती, ७०० हून जास्त नावांची. ती कुणाला दाखवली नव्हती. किशोरवयात स्वतः अत्याचार सोसलेल्या क्रिस्टा ब्राउन समितीपुढे बोलायला गेल्या, तर एका सदस्याने त्यांच्याकडे पाठ फिरवली, हेही त्या अहवालात आहे. मला यादीपेक्षा ती पाठ जास्त छळते.

राजकारणात हेच. १९९८ मध्ये, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या विवाहबाह्य संबंधांच्या प्रकरणाच्या वेळी, याच संप्रदायाने ठराव केला की नेत्यांची गंभीर दुष्कृत्यं खपवून घेतली तर समाजाची सदसद्विवेकबुद्धी बधिर होते. ठराव अगदी योग्य होता. पण खासगी आयुष्यात अनैतिक वागणारा नेता सार्वजनिक काम नीतीने करू शकेल का, असं पीआरआरआय या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेने विचारलं, तेव्हा २०११ मध्ये ३० टक्के गोरे इव्हँजेलिकल (बायबलला शब्दशः प्रमाण मानणारे प्रॉटेस्टंट) ‘हो’ म्हणाले आणि २०१६ मध्ये, ट्रम्प उमेदवार असताना, ७२ टक्के.

असं का होतं? बाहेरच्याच्या पापावर बोलायला खर्च काहीच येत नाही. ऐकणारे खूश होतात, देणग्या येतात, मतं मिळतात. आतल्याच्या पापावर बोललं की देणगीदार तुटतो, खटला उभा राहतो, जिवाभावाचा सहकारी दुखावतो. आणि आतला सापडला की नेमकं तेव्हा ‘दोष काढू नका’ हे वचन बाहेर येतं. दुबळ्याला वाचवणारं वचन बलवानाच्या बचावाला लावलं जातं, याची मला मनापासून चीड येते.

एवढं मात्र ध्यानात ठेवा, हे सगळं चव्हाट्यावर आणण्यासाठी झगडलेल्यांत त्याच मंडळ्यांत प्रार्थना करत वाढलेल्या बायका पुढे होत्या. त्यांच्यामुळेच जून २०२२ मध्ये अनाहाइमच्या अधिवेशनात प्रतिनिधींनी दोषी पाळकांची यादी सर्वांना पाहता येईल अशी करायचा ठराव बहुमताने केला. २०२५ च्या सुरुवातीला कार्यकारी समितीकडून सांगण्यात आलं की सध्या त्या कामाला प्राधान्य नाही.