अँटिव्हायरस काढला, तरी तो बोलतोच आहे

प्रश्न : लॅपटॉप घेतला तेव्हा त्यात एक अँटिव्हायरस आधीपासूनच होता. त्याची मुदत संपल्यावर दुकानदाराने दुसरा घालून दिला. आता लॅपटॉप सुरू होईपर्यंत माझा चहा करून, पिऊन होतो. म्हणून मी सेटिंगमध्ये जाऊन दोन्ही काढून टाकले. तरी एकाचं फोल्डर तसंच आहे. डिलीट करायला गेलं की परवानगी नाही म्हणतं. रोज रात्री बंद करून सकाळी चालू करते, फरक नाही. शिवाय खाली उजव्या कोपऱ्यात ‘तुमचं संरक्षण संपलं, लगेच पैसे भरा’ अशी चौकट येतच राहते. भाचा म्हणतो, पेन ड्राइव्हवरून दुसरी सिस्टिम चालू करून ते फोल्डरच उडवतो. उडवू देऊ का?
— एक निवृत्त शिक्षिका, मिरज

उत्तर : बाई, भाच्याला आधी थांबवा. हा उद्योग मी स्वतः करून बसलोय.

चिंचवडला मी नुकतं दुकान टाकलं होतं. एका सीएंच्या घरचा कॉम्प्युटर, तारीख 30 जुलै. दुसऱ्या दिवशी रिटर्न भरायची शेवटची मुदत. त्यांचा अँटिव्हायरस निघेना, म्हणून मी पेन ड्राइव्हवरून लिनक्स ही दुसरी सिस्टिम चालू केली आणि त्याचं फोल्डर, ड्रायव्हर (विंडोजच्या पोटात बसून काम करणारे छोटे प्रोग्राम), सगळं साफ केलं. फार हुशारी वाटली. विंडोज सुरू झालं आणि कीबोर्ड मेलेला! वायर बदलली, कीबोर्ड बदलला, काही उपयोग नाही. झालं होतं असं, की पासवर्ड कोणी चोरू नये म्हणून त्या अँटिव्हायरसने आपला एक ड्रायव्हर कीबोर्डच्या वाटेत बसवला होता. फाइल मी उडवली, पण रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, त्याचं नाव राहिलं. विंडोज कीबोर्ड सुरू करताना त्या नावाला हाक मारायचं, तिथे कोणी नसायचं, आणि कीबोर्डच सुरू व्हायचा नाही. पडद्यावरच्या कीबोर्डवर माउसने एकेक अक्षर टिपत रात्री दीडला मी ती नोंद काढली. काकूंनी तीनदा कॉफी दिली. सीएसाहेब मात्र एक अक्षर बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

सांगायचं कारण, अँटिव्हायरस म्हणजे नुसतं एक फोल्डर नसतं. फाइल उघडताना, नेटवर्कवरून काही येताना, कधी कीबोर्डवर बोट पडताना, अशा ठिकठिकाणी त्याची माणसं बसलेली असतात. व्हायरसला त्याला सहज मारता येऊ नये म्हणून तो स्वतःच्या फाइलींना कुणालाही हात लावू देत नाही. या ‘कुणालाही’मध्ये तुम्हीही आलात. परवानगी नाही म्हणतो तो त्यामुळेच. तुम्ही एकट्या नाही आहात. जॉन मॅकॅफी 1994 मध्येच आपल्या अँटिव्हायरस कंपनीतून बाहेर पडले होते, तरी लोक त्यांनाच विचारत राहिले की तुमच्या नावाचा अँटिव्हायरस काढायचा कसा. शेवटी 2013 मध्ये त्यांनी त्यावर एक भलताच चावट व्हिडिओ काढला. तो नातवंडांसमोर पाहू नका.

आता तुमच्या पत्रातलं एक वाक्य माझ्या डोळ्यांत भरलं : ‘रोज रात्री बंद करून सकाळी चालू करते.’ तिथेच गोम असायची शक्यता बरीच. ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर शटडाउन केल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही. आपला गाभा ड्रायव्हरांसकट डिस्कवर जपून ठेवतं आणि सकाळी तोच उचलतं. वापरात असलेल्या फाइली मात्र पुढच्या खऱ्याखुऱ्या सुरुवातीला काढायच्या म्हणून बाजूला लिहून ठेवलेल्या असतात. ती सुरुवात तुमच्याकडे झालेलीच नसणार. शटडाउन नको, मेनूतलं ‘रीस्टार्ट’ दाबा. निम्म्या घरांत माझं काम एवढ्यावरच संपतं आणि पैसे मागायला लाज वाटते.

एवढ्याने भागलं नाही, तर त्या कंपनीचं स्वतःचं काढायचं साधन मिळतं. बहुतेक मोठ्या कंपन्या ते फुकट देतात. ते कंपनीच्याच संकेतस्थळावरून घ्या, शोधयंत्रात वर येणाऱ्या जाहिरातीवरून नको. दोन्ही अँटिव्हायरसची साधनं वेगळी, एकाने दुसरा निघत नाही. साधन सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज अगदी मोजक्या गोष्टींवर चालतं त्या अवस्थेत, चालवा : शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट, मग ट्रबलशूट, प्रगत पर्याय, स्टार्टअप सेटिंग, तिथलं रीस्टार्ट, आणि 4 आकडा. त्याआधी एक काम. नव्या लॅपटॉपची डिस्क बऱ्याचदा कुलूपबंद असते आणि या वाटेने गेलं की तो 48 अंकी रिकव्हरी की मागू शकतो. ती बहुतेक वेळा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. आधीच वहीत उतरवून ठेवा, नाहीतर मिरजेहून फोन येईल आणि मलाही काही करता येणार नाही.

राहिली ती चौकट. तिच्यावरचं बारीक अक्षर चष्मा लावून वाचा. तिथे ब्राउझरचं नाव आणि एखादा अनोळखी पत्ता दिसला, तर ती अँटिव्हायरसची नाहीच. कुठल्या तरी साइटने ‘सूचना पाठवू का’ विचारलं असेल आणि चुकून ‘हो’ दाबलं गेलं असेल. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये सूचनांच्या यादीतून तो पत्ता काढा. चौकटीतल्या नंबरवर फोन मात्र अजिबात करू नका. पलीकडचा माणूस फार गोड बोलतो, मग लॅपटॉप ‘दुरून बघतो’ म्हणतो. आमच्या गल्लीतल्या एका आजोबांचे पैसे असेच गेले. अँटिव्हायरस त्यांच्याकडे चांगला चालू होता!

सगळं निघाल्यावर विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप जागा होतो; विंडोज सिक्युरिटीत हिरवी खूण दिसली की झालं. भाच्याला हौस असेल तर अ‍ॅडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘एफएलटीएमसी’ ही पाच इंग्रजी अक्षरं टाकू दे. जी यादी येईल तिच्या ‘अल्टिट्यूड’ रकान्यात 320000 ते 329998 हा पट्टा अँटिव्हायरसांचा. तिथे 328010 हा एकच आकडा असेल, तर तो डिफेंडर. दुसरा कोणी दिसला तर यादीचा फोटो काढून मला पाठवा. आणि दुकानदाराने वर्गणी आपोआप नव्याने भरली जाईल अशी लावून दिली असेल तर तीही खात्यावरून थांबवा. प्रोग्राम काढल्याने ती थांबत नाही.