'अ' जीवनसत्त्व की व्हिटॅमिन ए? आणि सी चं 'क' कसं काय झालं?

प्रश्न असा आलाय की मुलाच्या पुस्तकात 'अ जीवनसत्त्व', लसीकरणाच्या कार्डावर 'जीवनसत्त्व अ' आणि डॉक्टर म्हणतात व्हिटॅमिन ए, यातलं बरोबर कुठलं?

तिन्ही चालतात. पण गंमत अक्षरांची आहे. आपण ए, बी, सी, डी चं अ, ब, क, ड केलं, म्हणजे उच्चार नाही बघितला, क्रम बघितला, त्रिकोण अबक किंवा शाळेतली तुकडी अ-ब-क असते ना, तसंच. म्हणून लिंबातलं सी मराठीत 'क' झालं. पुढे रक्त गोठायला लागणारं के आलं तेव्हा 'क' ची जागा आधीच गेलेली, मग त्याला सरळ 'के' म्हणून मोकळे झालो :)

क्रमाचं म्हणाल तर मला 'अ' आधी लावलेलंच आवडतं, कारण विभक्ती नीट लागते. 'अ जीवनसत्त्वाचा डोस' सहज बोलता येतं, 'जीवनसत्त्व अ चा डोस' म्हणताना जीभ अडखळते. फक्त मध्ये जागा सोडा हो, जोडून 'अजीवनसत्त्व' लिहिलं की ते अजीर्ण, अजाण यांच्या रांगेत जाऊन बसतं. आणि सत्त्व मध्ये दोन त, सत् + त्व.

जीवनसत्त्व हा शब्द तर मला मूळ शब्दापेक्षा सरस वाटतो. 1912 मध्ये जीवरसायनशास्त्रज्ञ कासिमिर फुंक यांनी 'व्हिटामाइन' शब्द काढला, व्हिटा म्हणजे जीवन आणि पुढे अमाइन (नायट्रोजन असलेल्या रसायनांचा एक प्रकार), पण सगळी काही अमाइन निघाली नाहीत, आपलं अ तर रसायनाच्या भाषेत चक्क अल्कोहोल आहे (दारूतलं नव्हे!), म्हणून 1920 मध्ये जीवरसायनशास्त्रज्ञ ड्रमंड यांनी इंग्रजी स्पेलिंगमधला शेवटचा ई काढायला सुचवलं. आपल्या 'सत्त्वा'ला असली भानगडच नाही.

त्या अल्कोहोलचं नाव रेटिनॉल, रेटिना म्हणजे डोळ्याचा पडदा, त्यावरून. त्याच्यापासून पडद्यात रोडॉप्सिन नावाचं रंगद्रव्य बनतं, ते उजेड पडला की मोडतं आणि परत बनावं लागतं, अंधुक उजेडात दिसतं ते त्याच्याच जिवावर. अ कमी पडलं की ते पुरेसं बनत नाही, माणूस दिवसा ठीक आणि दिवेलागणीनंतर चाचपडतो. रात + आंधळा, रातांधळेपणा! हिंदीत रतौंधी. लक्षण काय ते शब्दातच सांगून टाकलंय, त्याचं डॉक्टरी नाव 'नायक्टॅलोपिया' ऐकून कुणाला काय कळणार.

आणि कॅरोटिन या केशरी रंगद्रव्याचं नाव गाजरावरूनच आलंय, गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला यातल्या बीटा-कॅरोटिनचं शरीर रेटिनॉल करतं, मात्र भाजीत थोडं तेल-तूप हवं, नुसती उकडून खाल्ली तर अंगी कमी लागतं.