नाकाची शस्त्रक्रिया : कोणाच्याच लक्षात आले नाही, तर?

"नाकाची कॉस्मेटिक शस्त्रक्रिया करून घ्यावी असे फार दिवसांपासून वाटते आहे, पण नंतर पश्चात्ताप झाला तर काय करायचे?" हा प्रश्न घेऊन माझ्याकडे अनेक जण येतात. त्याला हो किंवा नाही असे एका शब्दाचे उत्तर मी देऊ शकत नाही. म्हणून एका मुलीची हकिगत सांगते. ती तिच्या संमतीने सांगत आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती २४ वर्षांची होती आणि काहीशा रागातच आली होती. तारीख देण्याआधी समुपदेशकाशी बोलून या, असे सर्जननी तिला सांगितले होते आणि तिला तो स्वतःवरचा अविश्वास वाटला होता. "मला नाक बदलायचे आहे मॅडम, मन नाही," असे ती बसता बसताच म्हणाली. जो सर्जन घाई करत नाही आणि रुग्णाला आधी बोलायला लावतो, त्याच्याकडे शस्त्रक्रिया करून घेणे अधिक सुरक्षित, असे माझे मत मी तिला सांगितले. तेव्हा ती थोडी सैल झाली.

बाराव्या वर्षी सायकलवरून पडल्यापासून तिच्या नाकाच्या दांड्यावर उंचवटा आला होता. घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसाने त्यावरून तिला 'पोपट' म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव शाळा संपेपर्यंत टिकले. आपल्या भाषेने नाकावर किती भार टाकला आहे, हे अशा वेळी जाणवते. सुंदर मुलीचे नाक चाफेकळी, बसक्या नाकाची ती नकटी, आणि घराण्याची अब्रू गेली तरी कापले जाते ते नाकच.

पहिल्या भेटीत मी एक गोष्ट नेहमी तपासते, ती म्हणजे दिवसातला किती वेळ नाकाच्या विचारात जातो. बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर नावाचा मानसिक आजार आहे. त्यात इतरांना दिसतही नाही किंवा अगदी किरकोळ वाटते अशा व्यंगाने माणूस पछाडला जातो, दिवसाचे तासन्‌तास त्यात घालवतो, आरशात पुन्हा पुन्हा पाहतो, किंवा आरसा पूर्णपणे टाळतो. सर्वसाधारण लोकांत त्याचे प्रमाण सुमारे २ टक्के मानले जाते. सौंदर्य शस्त्रक्रियेसाठी येणाऱ्यांत ते बरेच जास्त आढळते, आणि अशा माणसांची चिंता बहुतेक वेळा शस्त्रक्रियेने शमत नाही. दोन शस्त्रक्रिया करून झाल्यावर तिसरीसाठी सर्जन शोधत असलेला एक तरुण माझ्याकडे आला होता, आणि तो आधीच का आला नाही याचे मला आजही वाईट वाटते. त्याला गरज होती ती मानसोपचारतज्ज्ञाची. या आजारावर संज्ञानात्मक वर्तन उपचार, म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारा मानसोपचार, आणि विशिष्ट औषधे यांचा उपयोग होतो.

या मुलीचे तसे नव्हते. उंचवटा खरोखर होता, मलाही दिसत होता आणि त्यापायी तिचे शिक्षण किंवा मैत्री अडलेली नव्हती. मात्र तिने दाखवलेले सगळे फोटो सेल्फी होते. मी तिला कोणाकडून तरी पाच फूट अंतरावरून फोटो काढून घ्यायला सांगितले. कॅमेरा चेहऱ्याच्या जवळ असला की पुढे आलेला भाग मोठा दिसतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गणितानुसार १२ इंचांवरून काढलेल्या फोटोत नाकाचा खालचा भाग पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद भासतो. पुढच्या वेळी दोन्ही फोटो शेजारी ठेवून ती बराच वेळ पाहत राहिली. "उंचवटा आहेच," ती म्हणाली, "पण नाकपुड्यांचे मी सर्जनना उगीच सांगितले."

त्याच भेटीत मी तिला विचारले, "शस्त्रक्रिया उत्तम झाली आणि कोणाच्याच लक्षात काही आले नाही, तर चालेल का तुम्हाला?" तिने लगेच उत्तर दिले नाही. आठवड्याने येऊन म्हणाली, की उंचवटा गेला तर तिला तेवढे पुरेसे आहे, पण 'पोपट' म्हणणाऱ्या माणसाने एकदा तरी चूक कबूल करावी, असे मनात कुठेतरी आहे. ते काम कोणताही सर्जन करू शकत नाही. त्यानंतरच्या दोन भेटी आम्ही त्या माणसाविषयीच बोललो, नाकाचा विषयही निघाला नाही.

बोलताना आणखी एक गोष्ट माझ्या नजरेला आली. वाक्य संपले तरी तिचे ओठ किंचित उघडे राहायचे. विचारल्यावर कळले, की पडल्यापासून उजवी नाकपुडी बहुतेक वेळा बंदच असते. हे तिने सर्जनना सांगितलेच नव्हते, कारण आपण दिसण्यासाठी आलो आहोत, श्वासाचे काय सांगायचे, असे तिला वाटले होते. हे आधी सांगणे अत्यंत आवश्यक असते. नाक लहान करताना आतली वाट आणखी अरुंद होऊ शकते. उलट दोन नाकपुड्यांमधला पडदा वाकडा असेल तर तो त्याच वेळी सरळ करता येतो. तपासणीत तिचा पडदा वाकडा निघाला आणि शस्त्रक्रियेचा आराखडाच बदलला. घेत असलेली औषधे, विशेषतः ॲस्पिरिनसारखी रक्त पातळ करणारी, आणि धूम्रपान यांबद्दलही असेच मोकळेपणाने सांगावे लागते, कारण पहिल्याने रक्तस्राव वाढतो आणि दुसऱ्याने जखम भरायला वेळ लागतो.

नवी नोकरी सुरू होण्याच्या तीन आठवडे आधीची तारीख तिने मनाशी धरली होती. तिला वाटत होते, की पट्टी निघाली की नवे नाक दिसेल. प्रत्यक्षात साधारण आठवड्याने वरचा आधार काढतात तेव्हा नाक सुजलेले असते, डोळ्यांखालचे काळेनिळे डाग जायला दोन आठवडे लागू शकतात, बरीचशी सूज पुढच्या काही महिन्यांत उतरते आणि शेंड्याचा खरा आकार यायला वर्ष किंवा त्याहूनही अधिक काळ जातो. या मधल्या काळात, विशेषतः पहिल्या काही आठवड्यांत, अनेकांना रडू येते आणि आपण चूक केली असे वाटते. त्या दिवसांत निकालाविषयी मत बनवू नये, हे आम्ही एका कागदावर तिच्याच अक्षरात लिहून ठेवले. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, शेंड्याचा बधिरपणा, दोन्ही बाजूंतला थोडा फरक हे धोकेही सर्जनकडून समजून घ्यायला सांगितले. साधारणपणे १०० पैकी ५ ते १५ जणांना पुन्हा शस्त्रक्रियेची गरज पडते आणि ती सहसा वर्षभर थांबूनच करतात, हे ऐकून ती गप्प झाली. पण मागे हटली नाही. तिने तारीख चार महिने पुढे ढकलली.

शस्त्रक्रियेनंतर सोळाव्या दिवशी तिचा फोन आला. ती रडत होती. "कागद वाचला," ती म्हणाली, "तरीही रडू येते." मी म्हटले, रडा, फक्त आज काही ठरवू नका.

त्यानंतर सव्वा वर्षाने ती दुसऱ्याच एका कामासाठी भेटायला आली. शेंडा अजून थोडा बधिर आहे आणि दांड्यावर बोट फिरवले तर एक बारीकशी खडबडीत जागा लागते, हे तिने आपणहून सांगितले. नोकरीत कोणाच्या काही लक्षात आले का, असे मी विचारले. "कोणाच्याच नाही," ती म्हणाली आणि थांबली. तिचे ओठ मिटलेले होते.