घरी बनवलेलं जिन अँड टॉनिक बारसारखं का लागत नाही?

तुम्ही लिहिलंय की चांगली महागातली जिन आणली, बर्फ टाकला, टॉनिक (म्हणजे ते गॅसवालं, गोडसर-कडू टॉनिक वॉटर) ओतलं, वरून अर्धं लिंबू पिळलं, तरी दहा मिनिटांत त्याचं गोडसर-कडू पाणी होतं, आणि टॉनिक संपलं तर स्प्राइट चालेल का तेही विचारलंय. आणि शेवटी जाता जाता लिहिलंय की मी नागपूरला असतो आणि सध्या एप्रिल चालू आहे. भाऊ, निम्मं उत्तर तुमच्या त्या शेवटच्या ओळीतच आहे.

जिनला दोष देऊ नका. या ड्रिंकमध्ये जिनपेक्षा टॉनिक दुप्पट-तिप्पट असतं, म्हणजे तुम्ही खरं तर टॉनिकच पिता, आणि टॉनिकमधली मजा आहे गॅसची, आणि गॅस टिकतो फक्त थंडीत. द्रव जितका गार तितका त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त विरघळून राहतो, गरम झाला की तो सुटून पळतो. आपल्याकडे बाहेर ४५ डिग्री, स्वयंपाकघरात ओट्यावर तासभर ठेवलेला कॅन उघडला की फस्सकन फेस येतो ना, तो फेस म्हणजे तुमचं अर्धं ड्रिंक हवेत गेलं. मग उरलेल्या कोमट टॉनिकला थंड करायला बर्फ वितळतो, पाणी वाढतं, गॅस नाही, फक्त साखर आणि कडवटपणा उरतो. अगदी तुम्ही वर्णन केलंय तेच. पुण्याच्या डिसेंबरमध्ये हेच सगळं केलं असतं तर कदाचित बरं लागलंही असतं, आपल्या उन्हाळ्यात अशी सूट मिळत नाही.

म्हणून पहिला नियम, ग्लासात जाणारी प्रत्येक गोष्ट आधीच गार पाहिजे. टॉनिक आदल्या रात्रीपासून फ्रीजमध्ये, आणि दारात नाही, आत मागच्या बाजूला, कारण उन्हाळ्यात घरातले सगळे दर पाच मिनिटांनी पाण्याच्या बाटलीसाठी दार उघडतात आणि दारातल्या बाटल्या कधीच नीट गार होत नाहीत. फ्रीजरमध्ये टॉनिक ठेवू नका, कॅन फुगून फुटतो. जिन मात्र बिनधास्त फ्रीजरमध्ये टाका, आपल्याकडच्या जिनवर बहुतेक ४२.८ टक्के अल्कोहोल लिहिलेलं असतं, ती घरच्या फ्रीजरच्या उणे १८ ला गोठत नाही, फक्त थोडी जाडसर होते. ग्लासही पंधरा-वीस मिनिटं आत ठेवा.

आता बर्फ. सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं म्हणून जरा सविस्तर सांगतो. फ्रीजसोबत आलेल्या प्लास्टिकच्या ट्रेमधले ते छोटे छोटे चौकोन लवकर वितळतात आणि बहुतेक घरांत त्यांना मटार, मटण, मागच्या आठवड्यातली आमरसाची वाटी, असा सगळा वास लागलेला असतो. बर्फ वास फार ओढतो. साधा उपाय म्हणजे स्टीलच्या वाट्यांमध्ये पाणी भरून वर झाकण ठेवून मोठे गोळे लावा. हौस असेल तर पोळ्या ठेवायचा छोटा कॅसरोल घ्या, त्यात पिण्याचं पाणी भरा, झाकण न लावता फ्रीजरमध्ये ठेवा. कॅसरोलच्या भिंतींमुळे बाजूने थंडी शिरत नाही, पाणी वरून खाली असं गोठत जातं आणि विरघळलेली हवा नि क्षार खालच्या न गोठलेल्या पाण्यात ढकलले जातात. पूर्ण दगड व्हायच्या आत बाहेर काढा, खालचं पाणी ओतून द्या, वरची जी जाड चकती मिळेल ती काचेसारखी आरपार दिसते. दोन मिनिटं बाहेर राहू द्या म्हणजे तडकत नाही, मग जाड सुरी तिच्यावर धरून सुरीच्या पाठीवर लाटण्याने हलकं ठोका, मोठे मोठे तुकडे पडतात. बाहेरून लादीचा बर्फ आणू नका, तो पोटात जायच्या लायकीचा असेलच असं नाही.

आणि ग्लास काठोकाठ बर्फाने भरायचा. पुष्कळ लोकांना वाटतं जास्त बर्फ म्हणजे जास्त पाणी, म्हणून दोनच खडे टाकतात. उलटं आहे. दोन खड्यांना सगळं ड्रिंक थंड करायचं असतं, ते बिचारे दोन मिनिटांत संपतात. ग्लास भरून बर्फ असेल तर सगळंच गार राहतं आणि बर्फ हळूहळू वितळतो. बर्फ टाकून चमच्याने एकदा फिरवा आणि तळाला जे पाणी जमेल ते सिंकमध्ये ओता, मग जिन.

माप: ६० मिली जिनला १५० ते १८० मिली टॉनिक. अंदाजाने ओतू नका, भांड्यांच्या दुकानात ३०-६० चं स्टीलचं माप मिळतं ते घ्या. तेवढ्या प्रमाणात सगळं मिळून साधारण ११-१२ टक्के अल्कोहोल होतं, म्हणजे वाइनच्या बरोबरीचं, पण गार आणि बुडबुड्यांचं असल्यामुळे ते सरबतासारखं खाली उतरतं. गच्चीवर तिसरा ग्लास हातात घेऊन "मला काहून चढत नाही बे" म्हणणाऱ्याला पायऱ्या उतरताना समजतं. उन्हाळ्यात ४५ मिली जिन घातली तरी चवीला काही कमी होत नाही, मी तर मे महिन्यात तेच करतो, आणि मध्ये मध्ये साधं पाणी.

ओतायचा क्रम पण महत्त्वाचा. बर्फ, त्यावर जिन, मग ग्लास थोडा तिरपा करून टॉनिक काठावरून हळू सोडा. जिन हलकी असते, टॉनिकमध्ये साखर असल्यामुळे ते जड, त्यामुळे वरून ओतलेलं टॉनिक आपणच खाली जातं आणि बरंचसं मिसळून येतं. मग चमचा तळाशी घालून बर्फ एकदाच वर उचला आणि सोडा. बस. चहात साखर ढवळल्यासारखं गरागरा फिरवलं की जो गॅस वाचवायला आपण एवढा आटापिटा केला तोच घालवला.

स्प्राइट चालेल का? नाही. प्यायला काही हरकत नाही पण ते जिन-टॉनिक नाही. टॉनिकचा कडूपणा क्विनाइनचा असतो, सिंकोना झाडाच्या सालीतून मिळणारं. तेच मलेरियावरचं जुनं औषध. पॅरिसमध्ये १८२० मध्ये पेल्तिए आणि काव्हांतू या दोघांनी ते सालीतून वेगळं काढलं, मग हिंदुस्थानातले इंग्रज ते कडूजहर औषध साखर-पाण्यात आणि जिनमध्ये घालून घशाखाली ढकलू लागले. लंडनमध्ये १८५८ मध्ये टॉनिक वॉटरचं पेटंट निघालं आणि १८७० च्या दशकात श्वेप्स कंपनीने आपलं इंडियन टॉनिक बाजारात आणलं. एवढा इतिहास पुरे, पण यावरून जे व्हॉट्सॲपवर फिरतं की टॉनिक प्या मलेरिया होणार नाही, ते खोटं आहे. अमेरिकेत एका लिटर टॉनिकमध्ये जास्तीत जास्त साधारण ८३ मिलिग्रॅम क्विनाइन चालतं, आणि मलेरियाच्या उपचारात मोठ्या माणसाला एका वेळेलाच ६०० च्या आसपास देतात. हिशोब करा, एका डोससाठी सात लिटर. डासांसाठी मच्छरदाणीच लावा. बाकी गरोदर बायका, हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असलेले किंवा आधी क्विनाइनची रिअॅक्शन आलेले यांनी साधं टॉनिकसुद्धा डॉक्टरला विचारूनच घ्यावं.

कॅनवर क्विनाइन लिहिलंय का ते बघून घ्या. श्वेप्स, स्वामी, सेपॉय, जेड फॉरेस्ट असे बरेच आहेत, धरमपेठ-सदरकडच्या मोठ्या दुकानांत किंवा ॲपवर मिळतात. मोठी बाटली घेऊ नका, उघडली की दुसऱ्या दिवशी ती मेलेली असते, छोट्या बाटल्या किंवा कॅनच घ्या. साखर नको असेल तर लाइट प्रकारही येतात, त्यात जिन जास्त पुढे येते. आणि एक गंमत, दुकानदार नोटा तपासायला जो छोटा यूव्ही टॉर्च वापरतात तो अंधारात टॉनिकवर मारा, क्विनाइनमुळे ते निळंशार चमकतं. साधा सोडा चमकत नाही. एखाद्या ठिकाणी टॉनिकच्या पैशात सोडा पाजताहेत अशी शंका आली तर ही टेस्ट करून बघा, वेटरचा चेहरा बघण्यासारखा होतो.

जिनबद्दल फार लिहीत नाही. साधी लंडन ड्राय घ्या, ज्यात ज्युनिपरचा (जिनला तिची ओळख देणाऱ्या फळांचा) तो देवदारासारखा वास नीट येतो, कारण टॉनिक गोड असतं आणि त्याच्यापुढे कोरडीच जिन उभी राहते. 'ग्रेटर दॅन' नावाची जिन पुरेशी आहे, पुढे हौस वाढली तर स्ट्रेंजर अँड सन्स किंवा हिमालयातल्या ज्युनिपरची हपुसा बघा. गुलाबी, स्ट्रॉबेरीवाल्या जिन टॉनिकमध्ये घालून काय साधतं मला आजतागायत समजलं नाही, सरळ रसना प्या.

आता लिंबू, इथे तुमचं खरं चुकतंय. अर्धं लिंबू म्हणजे निंबूसोडा झाला. आपलं कागदी लिंबू लहान असलं तरी आंबट जबरदस्त, एका ग्लासाला पाव फोड आणि तीही हलकीच दाबून आत टाकायची. रसापेक्षा सालीला जास्त किंमत आहे, कारण वास सालीतल्या तेलात असतो. आणि सालीचा विषय निघाला तर नागपूरकराने लिंबापाशी थांबायचं कशाला? आपल्या संत्र्याला २०१४ मध्ये जीआय टॅग (म्हणजे ही त्या भागाचीच खास वस्तू असल्याची सरकारी नोंद) मिळाला, जगभरातले लोक जिनमध्ये संत्र्याची साल घालतात आणि आपण साली कचऱ्यात टाकतो.

आंबिया बहाराचं संत्रं ऑक्टोबरपासून येतं, मृग बहाराचं फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत, म्हणजे तुम्हाला आत्ता गोकुळपेठ मार्केटमध्ये शेवटची शेवटची मिळून जातील. थोडी हिरवट झाक असलेलं, घट्ट सालीचं निवडा, ढिलं पडलेलं नको. नीट धुवा, मिठाने चोळून धुतलं तर उत्तम. नागपुरी संत्र्याची साल मोकळी असते त्यामुळे सोलाण्याने सोलायला गेलात तर ती घसरते आणि फाटते, हातानेच सोला आणि दोन बोटं रुंदीचा तुकडा घ्या. आतला पांढरा रेशा नखाने काढून टाका, तो कडू लागतो. मग केशरी बाजू ग्लासाकडे करून तुकडा झटक्यात दुमडा. उजेडासमोर धरलंत तर तेलाची बारीक फवारणी उडताना चक्क दिसते आणि ड्रिंकच्या वरच्या थरावर पसरते. तीच साल ग्लासाच्या काठावरून एकदा फिरवा आणि आत सोडा. त्यानंतर नाकाला जे लागतं ते लिंबाने होत नाही. संत्र्याचा रस मात्र घालू नका, टॉनिकमध्ये साखर आधीच भरपूर आहे. जोडीला तीन-चार काळे मिरे, हलके ठेचलेले. संत्रं आणि मिरे, यापुढे बारवाल्यांची ती बागच्या बाग उगवलेली ग्लासं मला फालतू वाटतात. मे-जूनमध्ये संत्रं नसतं तेव्हा लिंबाची साल आणि काकडीची एक लांब पट्टी, चालून जातं.

सोबत खायला सावजी ठेवू नका, त्या मसाल्यापुढे जिन काय, काहीच टिकत नाही. खारे दाणे, भाजलेले मखाणे, नाहीतर गरम सांबारवडी (आपल्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर), तिच्यातली खसखस-खोबऱ्याची चव जिनशी फार छान जुळते.

वय २५ च्या आत असेल तर महाराष्ट्रात कायद्याने जिन चालत नाही, आणि घरी बाटली ठेवायला परमिट लागतं ते काढून घ्या. आणि हे सगळं सामान गाडीत टाकून बोर धरणाकडे पिकनिकला निघायचा विचार असेल तर तो भाग वर्धा जिल्ह्यात येतो आणि तिथे १९७५ पासून दारूबंदी आहे, बाटली नागपुरातच ठेवा.

गाडी चालवणाऱ्यासाठी जिन न घालता तोच ग्लास बनवा, भरपूर बर्फ, टॉनिक, संत्र्याची साल, मिरे, आणि चिमूटभर मीठ. मिठाने क्विनाइनचा कडूपणा दबतो. फक्त मीठ टॉनिकच्या आधी बर्फावर टाका, नंतर टाकलं तर सगळं फसफसून टेबलावर येतं.