क्लास लावल्यावर पिक्चरमधली फायटिंग खोटी वाटते, तेव्हा

अरे गड्या, ज्युदोचा क्लास लावल्यापासून पिक्चरमधली मारामारी खोटी वाटायला लागली म्हणतोस, म्हणजे डोळा तयार होतोय. परभणीत आमच्या ज्युदोच्या बहुतेक पोरांचं हेच होतं. सुरुवातीला एवढंच कर:

१. ठोसा बघू नकोस, पाय बघ. ताकद जमिनीतून कमरेत आणि तिथून हातात येते. कंबर वळलीच नाही, तर त्या ठोशात दम नाही.

२. मार खाणाऱ्याकडे बघ. मला सगळ्यात जास्त मजा यातच येते. हीरोची मूठ गालापासून चांगली लांबून जाते, कॅमेरा ते अंतर लपवतो. ठोसा खरा वाटतो तो पडणाऱ्यामुळे. नीट बघ: हनुवटी छातीला, तळहात सपाट आपटलेला, डोकं जमिनीला लागू दिलेलं नाही. आपण मॅटवर रोज घोटतो ती उकेमीच, म्हणजे न लागता पडायची पद्धत, की ही! जॅकी चॅन लहानपणी हाँगकाँगच्या चिनी ऑपेरा (गाणं, नाट्य आणि कसरती) शाळेत कोलांट्या शिकला, म्हणून त्याचं पडणंही इतकं देखणं.

नवी पोरं दोन ठिकाणी चुकतात. घरच्यांसोबत बसून 'हे खोटंय, ते खोटंय' करत सगळ्यांचा पिक्चर खराब करतात. दुसरी चूक जास्त वाईट: हवेतली गिरकी-किक बघायची आणि दुसऱ्या दिवशी घरच्या फरशीवर करायची. पडद्यामागे वायर, गाद्या आणि कित्येक टेक असतात. गुडघा गेला तर महिनोन्‌महिने घरी बसशील.

आर्मबार (हाताचा सांधा अडकवणं), चोक (गळा आवळणं) यांची बारकाई आत्ता नको. आधी पिवळा पट्टा घे, मग एखाद्या रविवारी सगळे मिळून बघू.