आधी दोघांचं रक्त, मग महिना

प्रश्न : लग्नाला सहा महिने झाले. माझं वय २२, यांचं २६. दोन एकर धान आहे. सासूबाई म्हणतात, वर्षाच्या आत पाळणा हलला पाहिजे. आम्हाला वर्षभर थांबायचं आहे. पाळणा लांबवणारं अंतरा इंजेक्शन घ्यावं का? माझ्या दिराला सिकलसेल आहे, त्याचा काही संबंध येतो का?
– एक वाचक, ता. कुरखेडा, जि. गडचिरोली

उत्तर : संबंध येतो, म्हणून शेवटचा प्रश्न आधी घेऊ. सिकलसेल हा आई-वडिलांकडून येणारा रक्ताचा आजार. दीर आजारी आहे म्हणजे सासू-सासरे दोघांकडूनही तो दोष त्याच्यात आला. तुमच्या यजमानांना काही त्रास नसला तरी ते वाहक, म्हणजे एकाच पालकाकडून दोष आलेले पण स्वतः आजारी नसलेले, असण्याची शक्यता तिनात दोन आहे. तुम्हीही वाहक निघालात, तर प्रत्येक खेपेला मूल आजारी होण्याची शक्यता २५ टक्के. पहिलं निरोगी झालं म्हणून दुसऱ्याचा धोका कमी होत नाही.

प्राथमिक आरोग्य केंद्रात सिकलसेलसाठी रक्ताची सोल्युबिलिटी चाचणी होते, पण तुम्ही तेवढ्यावर थांबू नका. ती पॉझिटिव्ह आली तरी वाहक की रुग्ण हे कळत नाही. हिमोग्लोबिन फार कमी असेल तर ती चुकून निगेटिव्हही येते. थॅलेसेमिया या रक्ताच्याच दुसऱ्या आनुवंशिक आजाराचा वाहक तर तिच्यात दिसतच नाही, आणि एकाकडून सिकल, दुसऱ्याकडून थॅलेसेमिया आला तरी मूल आजारी होतं. म्हणून दोघांचीही एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी रक्ततपासणी, करून घ्या. गेल्या तीन-चार महिन्यांत रक्त चढवलं असेल तर आधी सांगा.

दोघंही वाहक निघालात, तर दिवस राहिल्यावर १० ते १३ आठवड्यांत गर्भाची तपासणी करता येते. ती नागपूरसारख्या ठिकाणीच होते, त्यामुळे पाळी चुकल्याबरोबर हालचाल करावी लागते.

वर्षभर थांबायला बावीसाव्या वर्षी काहीच हरकत नाही. पण वर्षभरासाठी अंतरा नको. शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस जायला सात ते दहा महिने लागू शकतात. तोवर घरात ‘काही दोष आहे का’ सुरू होतं. छाया ही गर्भनिरोधक गोळी चालेल : पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वारी, मग एकदा. सुरुवातीला पाळी लांबते, म्हणून घाबरून बायका मधेच सोडतात आणि तिथेच फसतात. वार लक्षात राहत नसतील तर कॉपर-टी; काढली की लगेच दिवस जाऊ शकतात.

थांबणं संपवायच्या किमान महिनाभर आधी रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड सुरू करा. बाळाच्या मेंदू-मज्जारज्जूची नळी गर्भ राहिल्यावर चार आठवड्यांत मिटते, तोवर बऱ्याच जणींना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. हिमोग्लोबिन १२ च्या वर हवं. लोहाची गोळी चहासोबत घेऊ नका.

आता बाळंतपणाचा महिना. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने सात दिवस मिळवा. १५ ऑक्टोबरची पाळी असेल तर तारीख २२ जुलै : ऐन रोवणी आणि नाल्याला पूर. फेब्रुवारीपासून प्रयत्न केलात तर तारीख नोव्हेंबरपासून पुढे जाते. सगळं ठरवल्याप्रमाणे होतंच असं नाही. पावसाळ्यात तारीख आलीच, तर आधीच आशाताईंना सांगून तुमच्या भागातल्या माहेरघरात (बाळंतपणाआधी आरोग्य केंद्राजवळ राहायची जागा) राहायची सोय करून घ्या.